ऋतूप्रमाणे खाणं, शेतकऱ्याकडून घेणं, परसात पिकवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती महाराष्ट्रातल्या हवामानाला धरून आहे. देश, कोकण, खानदेश यांचे हंगाम थोडे मागेपुढे होतात. जिथे हा फरक महत्त्वाचा आहे तिथे तो सांगितला आहे.

बाजारात बाराही महिने सगळं मिळतं. मग हंगामी भाजी ओळखायची कशी?

ढीग बघा आणि भाव बघा. एखादी भाजी दहापैकी आठ विक्रेत्यांकडे असेल, भाव महिन्याभरापूर्वीपेक्षा उतरलेला असेल आणि माल एकसारखा कोवळा असेल, तर तिचा हंगाम ऐन भरात आहे. डिसेंबर-जानेवारीत मटाराच्या शेंगा दाण्यांनी गच्च भरलेल्या असतात. जूनमध्ये तोच मटार महाग मिळतो आणि निम्म्या शेंगा पोकळ निघतात.

दुसरी खूण म्हणजे विक्रेत्याला दोन प्रश्न विचारायचे: "माल कुठला?" आणि "कधी काढला?" जवळच्या गावाचं नाव आणि "काल संध्याकाळी" असं उत्तर सहज आलं तर ती भाजी घ्या.

कांद्याच्या बाबतीत मात्र ढीग बघून फसगत होते, कारण तो वर्षभर दिसतो पण वर्षभर सारखा नसतो. ऑक्टोबर ते डिसेंबरला येतो तो पोळ कांदा. त्याच्यामागून मार्चपर्यंत रांगडा येतो आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा. पोळ कांद्यात पाणी जास्त असतं, तो आठ-पंधरा दिवसांत संपवायचा. साठवणीला फक्त उन्हाळ कांदा टिकतो. मानेपाशी पूर्ण वाळलेला, बारीक मानेचा, सालीचे दोन-तीन पदर असलेला कांदा मे महिन्यात घेऊन हवेशीर जागी पसरून ठेवला तर दिवाळीपर्यंत पुरतो. जाड मानेचे कांदे बाजूला काढून आधी वापरा, सडायला सुरुवात तिथूनच होते.

कोणत्या ऋतूत काय खावं?

थंडी हा आपल्याकडचा सगळ्यात श्रीमंत हंगाम. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मेथी, पालक, शेपू, चाकवत, चुका, करडई, हरभऱ्याचा कोवळा पाला, मुळा, गाजर, मटार, पावटा, वालपापडी, तुरीचे ओले दाणे, फ्लॉवर, कोबी, ओली हळद, आवळा, बोरं, पेरू. टोमॅटो आणि वांगी याच दिवसांत सगळ्यात चवदार. खानदेशात कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांग्याचं भरीत थंडीतच करतात. भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं हिरवं, पांढरट रेघांचं मोठं वांगं या दिवसांत कमी बियांचं आणि लोण्यासारखं मऊ येतं. ज्वारीचा हुरडाही याच दिवसांतला, त्यासाठी गूळभेंडीसारखं गोड दाण्याचं वाण हवं. रायगडात वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लावतात. तो पाला आणि त्या शेंगा एकाच वेळी तयार असतात, म्हणून मडक्यात भाजलेल्या शेंगांचा तो पदार्थ त्याच दिवसांचा.

उन्हाळ्यात पालेभाज्या मागे पडतात. गवार, भेंडी, काकडी, दुधी, तोंडली, लाल भोपळा, चवळी आणि कैरी यांवर स्वयंपाक चालतो. कोकणात फेब्रुवारी ते एप्रिल ओले काजूगर आणि फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी, आणि मेमध्ये कोकम. या दिवसांत डाळी, उसळी, वाळवणं आणि ताक यांना ताटात जास्त जागा द्या. एप्रिलमधली मेथी महागही असते आणि कडूही.

पावसाळ्यात उघड्या रानातली मेथी-कोथिंबीर सडते, पानांवर चिखलाचे शिंतोडे बसतात आणि जुडीतलं निम्मं फेकावं लागतं. त्याऐवजी अळू, माठ, मायाळू, अंबाडी, आणि वेलावरचं सगळं: दोडका, घोसाळी, पडवळ, कारलं, काकडी, लाल भोपळा. कोकणात तवसं आणि चिबूड याच काळात. रानभाज्यांबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

भोगीची भाजी आणि ऋषिपंचमीची भाजी यांचा हंगामाशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी जे जे रानात तयार असतं ते भोगीच्या भाजीत पडतं: पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी, मटार, बोरं, उसाचे तुकडे, वर तिळाचं कूट आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. यातलं बरंचसं ताजं सामान जुलैत नीट मिळणार नाही.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा नियम आहे. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं टाळून हाताने लावलेलं किंवा आपसूक उगवलेलं खायचं. अळू, माठ, लाल भोपळा, पडवळ, भेंडी, सुरण, मक्याची कणसं यांची तेल-फोडणी न घालता केलेली मिसळीची भाजी हे परसबागेचंच ताट आहे. जूनमध्ये वेल आणि अळू लावले तर भाद्रपदात ही भाजी बरीचशी घरच्या घरी जमते.

घरी काय लावावं आणि काय विकत घ्यावं?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण बहुतेक बागा इथेच फसतात. तोडल्यापासून काही तासांत ज्याची चव उतरते ते घरी लावा. जे टिकतं आणि ज्याला जागा लागते ते शेतकऱ्याकडून घ्या. कोथिंबीर, मेथी, कढीपत्ता, मिरची, पुदिना, मायाळू, अळू, कोवळी भेंडी आणि चेरी टोमॅटो घरचे असावेत. कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर, गाजर यांसाठी कुंड्या अडवू नका. फ्लॉवरचं एक रोप अडीच-तीन महिने जागा धरतं आणि एकच गड्डा देतं.

आकड्यांत सांगायचं तर चौघांच्या एका वेळच्या मेथीच्या भाजीला साधारण पाच चौरस फूट जागा लागते, म्हणजे भाजीवाल्यांकडचे दोन प्लास्टिकचे क्रेट. दर दहा दिवसांनी दोन क्रेट पेरले, असे सहा क्रेट फिरते ठेवले, तर दहा दिवसांनी एक भाजी सतत मिळत राहते. भेंडीच्या आठ झाडांतून आठवड्याला एक भाजी निघते. मिरचीची तीन झाडं एका घराला पुरेशी आहेत. टोमॅटोचं एक चांगलं रोप १५ इंची पिशवीत हिवाळ्यात दोन-तीन किलो देतं. हे आकडे लक्षात ठेवून लावलं की "एवढी मेहनत आणि चार भेंड्या" अशी निराशा होत नाही.

आमच्या बाल्कनीत तीनच तास ऊन येतं. काही होईल का?

पालेभाज्या होतील. फळभाज्यांना किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं, त्याहून कमी मिळालं तर झाड उंच आणि किडकिडीत होतं, फूल धरत नाही. तीन-चार तासांत पालक, माठ, मेथी, कोथिंबीर येतात. त्याहून कमी उजेडात अळू, पुदिना आणि पानओवा लावा. सकाळचं ऊन मिळणारी पूर्वेची बाल्कनी पालेभाज्यांना उत्तम. पश्चिमेच्या बाल्कनीत मार्चनंतर दुपारी भिंत तापते, तिथे हिरवी जाळी लावावीच लागते.

गच्चीला वजन झेपेल का?

एक घनफूट ओली माती सुमारे ४५ किलो भरते. १२ इंची भरलेली कुंडी २५ ते ३० किलोची होते. म्हणून जड कुंड्या आणि ड्रम तुळईच्या आणि खांबांच्या वर, कठड्याच्या कडेने ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. पूर्ण गच्चीवर मातीचे वाफे करायचे असतील तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. कुंड्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा. खालून हवा खेळते, पाणी साचत नाही आणि स्लॅब ओलसर राहत नाही.

माती कशी तयार करावी?

दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. काळी माती चिकट असते, ओली झाली की दगड आणि वाळली की भेगा. तिच्यात कोकोपीटबरोबर भाताचं तूस किंवा जाड वाळू मिसळा. कोकणातली तांबडी माती पाणी धरत नाही, तिथे खताचा भाग दीडपट करा. मूठभर मिश्रण ओलं करून दाबा: मुठीचा लाडू व्हावा आणि बोटाने टोचल्यावर सहज फुटावा. लाडू होतच नसेल तर खत कमी, फुटत नसेल तर माती जास्त.

कच्चं शेण कधीही घालू नका. ते कुंडीत कुजताना तापतं, मुळं जळतात आणि हुमणीच्या अळ्या होतात.

पुढे दर पंधरा दिवसांनी कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि महिन्यातून एकदा दोन मोठे चमचे निंबोळी पेंड पुरते. जीवामृत करायचं असेल तर घरच्या मापाने दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत, फडक्याने झाकून, दिवसातून दोनदा काठीने ढवळत दोन-तीन दिवस ठेवा. दहापट पाणी घालून मुळाशी द्या आणि आठवड्याच्या आत संपवा.

कोथिंबीर उगवतच नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा धणे अख्खे पेरलेले असतात. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर धणे पसरून लाटण्याने किंवा चपलेच्या स्वच्छ तळव्याने हलके रगडा. टचकन फुटून दोन डाळिंब्या सुट्या झाल्या पाहिजेत, पीठ होता कामा नये. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यावर पसरून हाताला चिकटणार नाहीत इतपत कोरडे करा, मग ओळीत पेरून वर अर्धा इंच माती. आठ ते बारा दिवस थांबावं लागतं. या काळात माती एकदाही पूर्ण सुकली तर आलेला कोंभ तिथेच मरतो, म्हणून वर ओलं गोणपाट झाका आणि पहिला कोंभ दिसताच काढा. गोणपाट दोन दिवस जास्त राहिलं तर रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापणी. मार्चनंतर पेरलेली कोथिंबीर पानं धरायच्या आधीच फुलावर जाते. ते उष्णतेमुळे होतं, खत वाढवून उपयोग नाही. उन्हाळ्यात जाळीखाली थोडी थोडी पेरा आणि बोटभर असतानाच वापरा.

मेथी त्यामानाने फारच सोपी: चौरस फुटाला एक ते दीड चहाचा चमचा दाणे, पाव इंच माती, तीन-चार दिवसांत उगवण, २५ ते ३० दिवसांत भाजी. स्वयंपाकघरातले मेथीदाणे आणि धणे चालतात. दुकानातल्या पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळसर रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. ते पेरायला ठीक, पण भिजवून मोड काढून खायला मुळीच नको. पेरल्यावर हात साबणाने धुवा.

लागवडीचं वेळापत्रक काय?

वेलभाज्या मृगाच्या आसपास, म्हणजे ७ जूनपासून पुढे पहिला चांगला पाऊस झाल्यावर. भेंडी आणि गवार जूनमध्ये एकदा आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पुन्हा. टोमॅटो, वांगी, मिरची यांचं बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ट्रेमध्ये टाकायचं. टोमॅटोचं रोप २५-३० दिवसांत, मिरचीचं ३५-४० दिवसांत लावायला येतं. पाऊस ओसरला की पालेभाज्यांची पेरणी सुरू करायची ती फेब्रुवारीपर्यंत. मुळा आणि मटार थंडीची चाहूल लागल्यावरच. मटार देशावरच्या कुंडीत येतो, कोकणाच्या दमट हवेत त्याच्या मागे लागू नका.

तोंडलीचं बी शोधू नका. पेन्सिलीएवढ्या जाड वेलाचा सहा-आठ इंचांचा तुकडा, दोन डोळे मातीत जातील असा पावसाळ्याच्या तोंडाला लावा. तो वेल काही वर्षं देत राहतो.

वेलाला भरपूर फुलं येतात, पण फळ धरत नाही किंवा बोटभर होऊन पिवळं पडतं.

वेलाची पहिली फुलं बहुधा नराची असतात, आठ-दहा दिवस वाट बघा. मादी फुलाच्या मागे देठापाशी इवलंसं फळ असतं: दुधीच्या फुलामागे चिमुकला दुधी, कारल्याच्या फुलामागे खडबडीत कारलं. नराच्या फुलामागे फक्त बारीक देठ. मादी फूल दिसूनही फळ गळत असेल तर परागण झालेलं नाही. शहरात चौथ्या-पाचव्या मजल्यावर मधमाशा कमी येतात, मग ते काम हाताने करायचं.

वेळ महत्त्वाची आहे, आणि ती प्रत्येक वेलाची वेगळी. लाल भोपळा, काकडी, कारलं, घोसाळी यांची फुलं सकाळी उमलतात. भोपळ्याचं फूल तर दहाच्या सुमाराला मिटायला लागतं. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. सकाळी सातला दुधीचं मिटलेलं फूल चोळून काहीही होत नाही. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, मधल्या दांडीवरची पिवळी पूड बोटाला लागते का बघा आणि ती मादी फुलाच्या मध्यभागी असलेल्या तीन फुगीर भागांवर अलगद फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. चार दिवसांत फळाची मान खाली झुकली आणि ते गडद हिरवं चमकू लागलं की धरलं समजा.

परागण होऊनही फळ वाकडं होऊन सडत असेल आणि कापल्यावर आत बारीक पांढऱ्या अळ्या दिसत असतील, तर ती फळमाशी आहे. क्यू-ल्युअर गंधाचा सापळा टांगा, सडकी फळं मातीत न पुरता पिशवीत बंद करून उन्हात ठेवा, आणि नवी फळं बोटाएवढी झाल्यावर कागदी पिशवीत झाका.

भेंडीची पानं पिवळी, मिरचीची पानं वळलेली, टोमॅटोचं बूड काळं. औषध काय?

तिन्हींची कारणं वेगळी आहेत. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या तर तो पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणू आहे. झाड बरं होत नाही, उपटून टाका आणि बाकीच्या झाडांजवळ पिवळे चिकट सापळे लावा. मिरचीच्या पानांची कड वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळून पान लांबट झालं तर कोळी ही बारीक कीड. यालाच बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. लवकर लक्षात आलं तर शेंडे खुडून निंबोळीची फवारणी करा. टोमॅटोच्या बुडाचा काळा डाग हा रोगच नाही. पाणी कधी खूप, कधी नाही असं झालं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. रोज ठरलेल्या वेळी पाणी आणि मातीवर पाल्याचं आच्छादन एवढ्याने पुढची फळं चांगली येतात.

फवारणीसाठी पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून पिळून गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला. तयार निंबोळी तेल असेल तर लिटरला तीन ते पाच मिलि. आणि तितकाच पातळ साबण. फवारा संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. दुपारी फवारलं तर पानं करपतात. एका फवारणीत काम होत नाही, पाच-सात दिवसांनी पुन्हा असं तीन वेळा करा.

रानभाज्या कोणत्या आणि कुठून घ्याव्यात?

पहिल्या पावसाबरोबर शेवळं आणि टाकळा, मग फोडशी, भारंगी, कुर्डू, आणि पुढे श्रावणाच्या आसपास करटोली. ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका सकाळी वाटे लावून बसतात. त्यांच्याकडूनच घ्या आणि साफ कशी करायची तेही विचारून घ्या. हे ज्ञान त्यांचं आहे आणि चार रुपये जास्त गेले तरी ते योग्य हातात जातात. शेवळं घशाला खाजतात म्हणून त्यांच्याबरोबर काकडाची फळं विकतात, ती घातल्याशिवाय भाजी करू नका. फोडशीच्या पानांच्या मधला पांढरा कडक दांडा काढावा लागतो. टाकळा दोन-चार पानांचा असतानाच कोवळा, शेंगा दिसू लागल्या की निबर.

ओळख पक्की नसेल तर स्वतः खुडू नका, फोटोवरून तर अजिबात नाही. रस्त्याकडेची, नाल्याकाठची भाजी घेऊ नका.

करटोली घरी लावता येते, पण नर-मादी वेल वेगळे असतात. बियांपासून लावलं तर काय निघेल ते फुलं येईपर्यंत कळत नाही. ओळखीच्या वेलाचे कंद मिळवा आणि आठ-दहा मादी वेलांमागे एक नर ठेवा.

अळू घशाला खवखवतं. का?

पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चिंच किंवा आमसूल घालून पूर्ण शिजवलं की खवखव जाते. चिरताना हाताला तेल लावा. वडीच्या अळूचे देठ काळसर जांभळे, भाजीच्या अळूचे हिरवे. नर्सरीत कंद घेताना हे बघून घ्या. शोभेचं अळू खायचं नसतं.

शेतकऱ्याकडून थेट भाजी घ्यायची सुरुवात कशी करायची?

महाराष्ट्रात २०१६ साली फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, त्यामुळे शेतकऱ्याला बाजार समितीच्या आवाराबाहेरही थेट विकता येतं. शहरांत भरणारे संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजार त्याच काळात सुरू झाले. सगळ्यात सोपी वाट तीच: जवळच्या आठवडे बाजारात तीन-चार आठवडे एकाच शेतकऱ्याकडून घ्या, मग त्याला थेट घरपोच टोपलीबद्दल विचारा.

एकट्या घरासाठी कोणी वीस-तीस किलोमीटर येणार नाही. सोसायटीतली दहा-बारा घरं एकत्र आली, वार ठरला आणि महिन्याचे पैसे आगाऊ दिले, तर शेतकरी त्या हिशेबाने लावू शकतो. भाव आठवड्याला न बदलता हंगामाचा एक ठरवा. बाजार कोसळला म्हणून तुम्ही मागे फिरायचं नाही आणि चढला म्हणून त्याने माल वळवायचा नाही, हे सुरुवातीलाच बोलून घ्या. पानावर दोन भोकं, वाकडी काकडी, लहानमोठी वांगी चालवून घ्या. एकसारखा चकचकीत माल मागितला की फवारणी वाढते.

"सेंद्रिय" या शब्दावर थांबू नका, प्रमाणपत्र विचारा. पीजीएस हे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून द्यायचं सेंद्रिय प्रमाणपत्र. "पीजीएस ग्रीन" म्हणजे शेत सेंद्रियकडे वळण्याच्या काळात आहे, "पीजीएस ऑरगॅनिक" म्हणजे तो काळ पूर्ण झाला आहे. प्रमाणपत्र नसलं तरी शेतावर जाऊन बघता येतं: शेणखताचा खड्डा आहे का, मिश्र पिकं आहेत का, फवारणी कशाची आणि तोडणीच्या किती दिवस आधी. प्रामाणिक शेतकरी "कोबीवर एकदा मारावं लागलं" असं सांगतो. असं सांगणारा माणूस धरून ठेवा.

बी घरचं धरता येतं का?

संकरित वाणाचं धरू नका, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. देशी किंवा सुधारित सरळ वाण घ्या. राहुरी, दापोली, अकोला, परभणी या कृषी विद्यापीठांकडे आणि कृषी विज्ञान केंद्रांत सरळ वाणांचं बी मिळतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा आणि पालेभाज्यांची गावरान बियाणी घराघरांतून गोळा करून जपली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

सुरुवात वाल, घेवडा, मेथी, टोमॅटो यांपासून करा, कारण त्यांचं परागण बहुतांशी स्वतःच्याच फुलात होतं. दुधी-भोपळ्याचं बी शेजारच्या वेलाशी मिसळतं. सगळ्यात निरोगी झाडावर सुरुवातीची दोन-चार फळं खूण बांधून सोडा. दोडका वेलावरच वाळून खुळखुळायला हवा. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस वाटीत आंबू द्या, वर साय आली की धुऊन बिया सावलीत वाळवा. वाळलेलं बी कोरड्या राखेत मिसळून बरणीत, आणि बरणीवर नाव, महिना, वर्ष. नाव नसलेल्या बरण्या पुढच्या वर्षी कोणालाच ओळखू येत नाहीत.

हंगामात एकदम खूप आलं तर?

मटार उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं, फडक्यावर पूर्ण कोरडा करून फ्रीझरमध्ये. कोरडा न करता ठेवला तर गोळा होतो. गवार उकळत्या मिठाच्या पाण्यातून काढून कडक उन्हात तीन-चार दिवस. जाड मिरच्यांना चीर देऊन मीठ, मेथी, हिंग भरून ताकात मुरवून वाळवायच्या, झाल्या सांडगी मिरच्या. कोकमाची सालं मिठात आणि त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवली की आमसुलं. ढगाळ दिवशी वाळवण काढू नका. अर्धवट वाळलेलं एका रात्रीत बुरशी धरतं.

टोपलीत काय येणार ते आधी माहीत नसतं. आठवड्याचा स्वयंपाक कसा ठरवायचा?

भाजी किती टिकते त्या क्रमाने खा. पहिल्या दिवशी शेपू, चुका, माठ. दुसऱ्या दिवशी मेथी किंवा पालक, न धुता, मुळं कापून, कागदात गुंडाळून ठेवलेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेंडी, दोडका, गवार. शेवटी वांगी, कोबी, गाजर. लाल भोपळा आणि सुरण कधीही. टोमॅटो फ्रिजबाहेर, बटाटा आणि कांदा वेगवेगळ्या टोपल्यांत.

टाकण्याआधी एकदा बघा. मुळ्याच्या पाल्याची डाळ घालून भाजी होते, फ्लॉवरचे कोवळे दांडे आमटीत जातात. दोडका सोलताना निघालेल्या शिरा बारीक कातरून चमचाभर तेलात कुरकुरीत होईपर्यंत मंद आचेवर परता, मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, मीठ, तिखट घालून पाच मिनिटं हलवा. चटणी हवाबंद डब्यात आठवडाभर टिकते. शिरा ओल्या राहिल्या तर तिसऱ्या दिवशी वास येतो, म्हणून त्या परतताना घाई करू नका.